डिजिटल कॅमेऱ्यासाठी मेमरी कार्ड किती जीबीचं घ्यावं? खरेदीआधी करायचा सोपा हिशोब

मोबाइल घेताना आपण १२८ घ्यायचा की २५६ यावर दोन दिवस विचार करतो. पण कॅमेऱ्याचं कार्ड घ्यायची वेळ आली की दुकानात जाऊन सरळ विचारतो, "सगळ्यात मोठं कितीचं आहे?" किंवा उलट, "सगळ्यात स्वस्त कोणतं?" दोन्ही प्रश्नांनी पैसे वाया जाऊ शकतात. कधीकधी तर पुन्हा न येणारा प्रसंग रेकॉर्ड व्हायचा राहून जातो.

या लेखात मी कार्डची क्षमता कशी ठरवायची ते आकड्यांसकट सांगणार आहे. उदाहरणं उरण तालुक्यातल्या करंजा परिसराची घेतली आहेत, कारण मी इथेच फोटो काढतो. हिशोब मात्र कुठल्याही गावाला आणि कुठल्याही कॅमेऱ्याला लागू पडतो.

मोबाइलची मेमरी आणि कॅमेऱ्याचं कार्ड यात फरक काय?

मोबाइलची मेमरी म्हणजे आपलं घर. ॲप, चॅट, गाणी, चार वर्षांचे फोटो, सगळं तिथेच राहतं. म्हणून तिथे जितकी जास्त जागा तितकं बरं.

कॅमेऱ्याचं कार्ड तसं नसतं. करंजाच्या बंदरात होडी लागली की मासळी उतरवतात, होडी धुतात आणि पुढच्या फेरीला रिकामी नेतात. कार्डचंही तेच. एका फेरीचा माल त्यात मावला पाहिजे, आणि घरी आल्यावर ते रिकामं झालं पाहिजे. वर्षभराचे फोटो कार्डातच ठेवायचे नसतात.

म्हणून प्रश्न असा विचारा: माझ्या सगळ्यात जास्त शूटिंगच्या एका दिवसात किती जीबी भरतात? या एका आकड्यावर कार्डची क्षमता ठरते.

पायरी १: तुमचा कॅमेरा कोणतं कार्ड घेतो?

हिशोब करण्याआधी हे बघणं गरजेचं आहे. हल्ली बरेच जण घरातल्या कपाटातून बाबांचा किंवा मामाचा जुना डिजिकॅम बाहेर काढतात. त्यात नवीन ६४ जीबीचं कार्ड टाकलं की स्क्रीनवर "कार्ड एरर" येतं. तेव्हा कार्डही चांगलं असतं आणि कॅमेराही, फक्त दोघांचा जमाना वेगळा असतो.

एसडी कार्डवर त्याचा प्रकार छापलेला असतो:

• एसडी: २ जीबीपर्यंत
• एसडीएचसी: २ जीबीच्या वर ते ३२ जीबीपर्यंत. हा प्रकार २००६ मध्ये आला.
• एसडीएक्ससी: ३२ जीबीच्या वर ते २ टीबीपर्यंत. हा २००९ मध्ये जाहीर झाला.
• एसडीयूसी: २ टीबीच्या वर ते १२८ टीबीपर्यंत. हा २०१८ मध्ये जाहीर झाला. आपल्याला सध्या त्याची गरज नाही.

नियम सोपा आहे. नवीन कॅमेऱ्यात जुनं कार्ड चालतं, जुन्या कॅमेऱ्यात नवीन प्रकारचं कार्ड चालेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या कार्डाच्या झाकणाजवळ किंवा तळाशी जो लोगो असतो, तो नीट वाचा. नुसतं "एसडी" लिहिलं असेल तर २ जीबीच्या वर जाऊ नका. "एसडीएचसी" लिहिलं असेल तर ३२ जीबीवर थांबा. लोगो नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीचं मॅन्युअल डाउनलोड करा, त्यात चालणाऱ्या कार्डांची माहिती मिळते.

काही जुन्या कॅमेऱ्यांत एसडी कार्ड बसतच नाही. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या २००२ नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागायचं, आणि त्याची कमाल क्षमताच २ जीबी होती. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक लागायची. काही जुन्या डीएसएलआरमध्ये जाडजूड कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड असतं. असा कॅमेरा सेकंडहँड घेत असाल तर कार्ड आणि त्याचा रीडर सोबत मिळतोय का ते आधी विचारा. नाहीतर कॅमेरा स्वस्तात मिळेल आणि कार्ड शोधताना घाम निघेल.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा कार्ड घेतो, पण जुन्या लॅपटॉपचा रीडर एसडीएक्ससी कार्ड वाचत नाही, असंही होतं. खरेदीआधी तेही तपासा.

पायरी २: ६४ जीबीचं कार्ड ५९ का दाखवतं?

कार्ड कॉम्प्युटरला लावलं की ६४ च्या जागी ५९.६ जीबी दिसतात. लगेच वाटतं की दुकानदाराने फसवलं. तसं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असं मोजते. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे त्याचा १ जीबी थोडा मोठा असतो. माल तेवढाच, फक्त माप वेगळं. १२८ जीबीचं कार्ड याच कारणाने साधारण ११९ दाखवतं.

खालचे सगळे हिशोब मी कंपनीच्या मापाने केले आहेत, म्हणजे १ जीबी बरोबर १००० एमबी.

पायरी ३: एक फोटो किती जागा खातो?

हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलवर आणि फाइलच्या प्रकारावर अवलंबून असतं. अंदाजासाठी हे आकडे धरा:

• जुना १० ते १२ मेगापिक्सेलचा डिजिकॅम, जेपेग फोटो: ४ ते ५ एमबी
• २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, चांगल्या दर्जाचा जेपेग: ८ ते १२ एमबी
• तोच कॅमेरा, रॉ फोटो: साधारण २५ ते ५० एमबी

जेपेगचा आकार फोटोत काय आहे यावरही बदलतो. मोकळं आभाळ आणि शांत खाडी असेल तर फाइल लहान होते. त्याच जागेवरून धक्क्यावरच्या होड्या, जाळी, दोर आणि माणसांची गर्दी टिपली तर फाइल मोठी होते, कारण बारीकसारीक तपशील दाबून साठवणं कठीण जातं.

म्हणून माझा सल्ला असा की कुठल्याही तक्त्यापेक्षा स्वतःच्या कॅमेऱ्याला विचारा. नेहमीच्या सेटिंगवर वेगवेगळ्या ठिकाणी २० फोटो काढा, कॉम्प्युटरवर त्यांचा एकूण आकार बघा आणि २० ने भागा. हा तुमचा खरा आकडा.

पायरी ४: व्हिडिओचा हिशोब

फोटोंनी कार्ड हळूहळू भरतं, व्हिडिओने ते भराभर भरतं. कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये २८, ५०, १०० असे आकडे एमबीपीएसमध्ये लिहिलेले असतात. याला बिटरेट म्हणतात. एका सेकंदात किती मेगाबिट डेटा लिहिला जातो, हे तो आकडा सांगतो. ८ बिट मिळून १ बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी.

तासाचा हिशोब काढायला एकच गुणाकार लक्षात ठेवा: बिटरेट गुणिले ०.४५. उत्तर जीबीमध्ये येतं.

• २८ एमबीपीएस: तासाला १२.६ जीबी
• ५० एमबीपीएस: तासाला २२.५ जीबी
• १०० एमबीपीएस: तासाला ४५ जीबी
• २०० एमबीपीएस: तासाला ९० जीबी

फुल एचडी साधारण पहिल्या दोन गटांत येतं, तर ४के व्हिडिओ बऱ्याच कॅमेऱ्यांत १०० च्या आसपास असतो. म्हणजे ४केमध्ये ६४ जीबीचं कार्ड एक तास पंचवीस मिनिटांत भरतं. मोबाइल बहुतेक वेळा व्हिडिओ जास्त दाबून साठवतो, त्यामुळे मोबाइलच्या अंदाजाने कॅमेऱ्याचं कार्ड घेतलं की ते कमी पडतं.

करंजातले तीन दिवस, तीन वेगळी कार्डं

आता हा हिशोब प्रत्यक्षात लावून बघू. तिन्ही ठिकाणी शेवटी दीडपट करायचं आहे, कारण कार्ड काठोकाठ भरेपर्यंत वापरणं म्हणजे ऐनवेळी फोटो डिलीट करत बसणं.

पहिला दिवस: मित्रांसोबत फिरणं. करंजाहून लाँचने रेवसला जाऊन परत यायचं आहे, हातात १२ मेगापिक्सेलचा जुना डिजिकॅम आहे. दिवसभरात खूप झाले तरी ३०० फोटो. ३०० गुणिले ५ एमबी म्हणजे १.५ जीबी. दीडपट केले तर सव्वादोन. इथे ४ किंवा ८ जीबीचं कार्ड पुरतं. कॅमेरा फक्त २ जीबीचं कार्ड घेत असेल तर २ जीबीची दोन कार्डं ठेवा. अशा कॅमेऱ्यासाठी १२८ जीबीचं कार्ड घेतलं तर ते बहुतेक चालणारच नाही.

दुसरा दिवस: पक्षी. पाणजेच्या पाणथळीवर रोहित टिपायचे किंवा कर्नाळ्याच्या अभयारण्यात पहाटेच पोचायचं. पक्षी उडाला की आपण बटण दाबून धरतो आणि कॅमेरा सेकंदाला १० फोटो काढतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि रॉ व जेपेग दोन्ही साठवायचे आहेत असं धरू. एका फोटोला ३० अधिक १० म्हणजे ४० एमबी. नुसतं एक सेकंद बटण दाबलं तर ४०० एमबी गेले. सकाळभरात १२०० फोटो सहज होतात, म्हणजे ४८ जीबी. दीडपट ७२ जीबी. इथे १२८ चं एक किंवा ६४ ची दोन कार्डं हवीत.

तिसरा दिवस: हळद. इथे मात्र खरोखर जपून हिशोब करा. आगरी-कोळी लग्नातली हळद संध्याकाळी सुरू होते आणि रात्री उशिरापर्यंत चालते. बँड, बेंजो, नाच, पै-पाहुणे, आणि या सगळ्यात धवलारीण धवले गाते. धवला म्हणजे लग्नाच्या विधींसोबत म्हटली जाणारी पारंपरिक गाणी. ती एका पिढीकडून दुसरीकडे तोंडीच आली आहेत, आणि ती पूर्ण येणाऱ्या बायका आता बहुतेक वयस्कर आहेत. नाच परत करता येतो, फोटोसाठी पोज परत देता येते. धवला मध्येच थांबवून "आजी, जरा थांबा, कार्ड भरलं" असं सांगता येत नाही. विधी पुढे सरकतो आणि गाणंही.

अडीच तासांचं रेकॉर्डिंग धरू. ४केमध्ये १०० एमबीपीएसने ११२.५ जीबी होतात. सोबत ५०० जेपेग फोटो, प्रत्येकी १० एमबी, म्हणजे ५ जीबी. एकूण ११७.५ आणि दीडपट केले तर १७६ जीबी. म्हणून २५६ चं एक किंवा १२८ ची दोन कार्डं लागतील.

एवढा खर्च जमत नसेल तर व्हिडिओ ५० एमबीपीएसच्या फुल एचडीत करा. मग व्हिडिओचे साधारण ५६ जीबी, फोटोंसह ६१, दीडपट ९२. यात ६४ ची दोन कार्डं पुरतात. मोबाइलवर आणि टीव्हीवर बघायला फुल एचडी उत्तम आहे. अर्धवट ४केपेक्षा पूर्ण फुल एचडी केव्हाही बरं, आणि धवल्यासारख्या गाण्यात तर चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा.

एक गोष्ट विसरू नका, बॅटरी. तुमच्याकडच्या सगळ्या बॅटऱ्या मिळून दीड तासच रेकॉर्डिंग होत असेल तर अडीच तासांचं कार्ड रिकामंच राहणार. पैसे मर्यादित असतील तर आधी बॅटरी, मग मोठं कार्ड.

लांब व्हिडिओचे तुकडे का होतात?

३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फॅट३२ नावाची फाइल पद्धत असते. तिच्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. १०० एमबीपीएसने साधारण साडेपाच मिनिटांतच ही मर्यादा येते, आणि कॅमेरा पुढची फाइल सुरू करतो. एसडीएक्ससी कार्डवर एक्सफॅट असतं, तिथे ही अडचण नसते. म्हणून लांब व्हिडिओसाठी ६४ जीबी किंवा त्याहून मोठं कार्ड सोयीचं. काही कॅमेरे तर उच्च बिटरेटचा व्हिडिओ एसडीएक्ससी कार्डावरच करू देतात.

शिवाय बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं. ही कार्डची चूक नसते, कॅमेऱ्यातच तशी मर्यादा घातलेली असते. हळदीला जाण्याआधी घरी एकदा अर्धा तास रेकॉर्डिंग लावून बघा.

एक मोठं कार्ड की दोन लहान?

मी दोन मध्यम कार्डांच्या बाजूने आहे. एक कार्ड बिघडलं, हरवलं किंवा पाण्यात पडलं तर निम्मं काम तरी हातात राहतं. करंजासारख्या ठिकाणी लाँचवर चढताना किंवा धक्क्यावर उभं राहून कार्ड बदलताना हे नेहमी मनात असू द्या. कार्ड बदलायचं असेल तर आडोशाला जा, खारं पाणी आणि वारा दोन्ही टाळा.

पण लग्नात सलग व्हिडिओ करताना कार्ड बदलायला सवड मिळत नसेल, तर एक मोठं कार्ड सोयीचं ठरतं. तुमच्या कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन पर्याय मिळतात. एक म्हणजे पहिलं कार्ड भरलं की दुसऱ्यावर लिहिणं. दुसरा म्हणजे दोन्हीवर एकाच वेळी तेच लिहिणं. दुसऱ्या पर्यायात १२८ अधिक १२८ मिळून २५६ होत नाहीत, जागा १२८ ची राहते. त्याबदल्यात प्रत्येक क्षणाची दुसरी प्रत मिळते. कॅमेऱ्यात कोणता पर्याय चालू आहे ते बघूनच क्षमता ठरवा.

जागा आहे, पण वेग आहे का?

कार्डवर मोठ्या अक्षरात छापलेला "१७० एमबी" किंवा "२०० एमबी" हा आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर कॉपी करण्याचा. शूटिंगला लिहिण्याचा वेग लागतो. त्यासाठी लहान चिन्हं बघा:

• क्लास १० किंवा यू१: सेकंदाला किमान १० एमबी
• यू३ किंवा व्ही३०: किमान ३० एमबी
• व्ही६०: किमान ६० एमबी
• व्ही९०: किमान ९० एमबी

१०० एमबीपीएसच्या ४के व्हिडिओला सेकंदाला १२.५ एमबी लागतात, म्हणून व्ही३० आरामात पुरतं. व्ही६० आणि व्ही९० महाग असतात, त्यांची गरज आहे का ते कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. कार्डवर दिसणारी ए१, ए२ ही चिन्हं मोबाइलमध्ये ॲप चालवण्यासाठी असतात, कॅमेऱ्यासाठी त्यांचे जास्तीचे पैसे देऊ नका.

मोबाइलचं मायक्रोएसडी अडॅप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात चालतं. अडीअडचणीला ठीक आहे. पण अडॅप्टर म्हणजे मध्ये आणखी एक जोड, आणि तो सैल झाला की कार्ड एरर येतो. महत्त्वाच्या दिवसासाठी पूर्ण आकाराचं एसडी कार्डच घ्या.

नकली कार्ड कसं ओळखायचं?

नामांकित कंपनीच्या कार्डपेक्षा अगदीच स्वस्तात १ टीबी मिळत असेल तर थांबा. नकली कार्डात आत ८ किंवा १६ जीबीचीच चिप असते, पण ते कॉम्प्युटरला मोठा आकडा सांगतं. सुरुवातीचे फोटो नीट उघडतात म्हणून संशय येत नाही. खरी जागा संपल्यावर काढलेले फोटो मात्र उघडतच नाहीत.

नवीन कार्ड आल्याबरोबर तपासा. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधनं आहेत. ती पूर्ण कार्ड भरतात आणि लिहिलेलं परत वाचून बघतात. सेकंदाला ३० एमबी वेग धरला तर ६४ जीबीचं कार्ड भरायलाच साधारण ३५ मिनिटं लागतात, आणि वाचायला त्याहून वेगळा वेळ. पण परत करण्याची मुदत संपायच्या आत हा वेळ द्याच. बिलही जपून ठेवा.

घरी आल्यावर काय करायचं?

कार्ड रिकामं करायची सवय नसेल तर कितीही मोठं कार्ड अपुरंच पडणार. माझा क्रम असा:

१. सगळं लॉट लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर कॉपी करा.
२. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा. दोन्ही प्रतींतले दोन-चार फोटो आणि व्हिडिओ उघडून बघा.
३. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा, कॉम्प्युटरवरून नको.

लॅपटॉप नसेल तर सी-टाइप कार्ड रीडर घेऊन मोबाइलमध्ये कॉपी करता येतं. फक्त मोबाइलमध्ये जागा किती उरली आहे ते बघा. हळदीचे ११७ जीबी १२८ च्या मोबाइलमध्ये मावणार नाहीत. गुगल फोटोजवरही भिस्त ठेवू नका. तिथली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबीच मोफत मिळतात. म्हणून कार्डच्या बजेटमध्ये हार्ड डिस्कचा खर्चही धरा.

चुकून फोटो डिलीट झाले तर त्या कार्डवर पुढे एकही फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढून रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा. नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर बरेच फोटो परत मिळू शकतात. आणि कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कार्ड कधीही काढू नका.

थोडक्यात कोणी काय घ्यावं?

• जुना डिजिकॅम: लोगो बघून २ ते ८ जीबी, फार तर ३२
• फक्त जेपेग फोटो काढणारे: ३२ किंवा ६४ जीबी
• रॉ, पक्षी, बर्स्ट: ६४ ची दोन किंवा १२८ चं एक
• लग्नाचा फुल एचडी व्हिडिओ: ६४ ची दोन किंवा १२८ चं एक
• लग्नाचा ४के व्हिडिओ: १२८ ची दोन किंवा २५६ चं एक, व्ही३०

दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन आकडे लिहून न्या: एका फोटोचे एमबी, व्हिडिओचा बिटरेट आणि सगळ्यात मोठ्या दिवसाचे तास. मग दुकानदाराने कितीही मोठं कार्ड पुढे केलं तरी तुम्हाला काय हवंय ते तुम्हीच सांगाल.